भाड्याचं घर, उन्हाचा मुलूख आणि परसबाग : तुमचे अनुभव सांगा

पुढच्या महिन्यात आम्ही सावंतवाडीजवळ भाड्याच्या कौलारू घरात राहायला जातोय. मागे मोठं परसू आहे, विहीर आहे. घर मात्र आपलं नाही. मग मातीत किती जीव ओतायचा, मालकाशी आधी काय बोलून घ्यायचं, पहिला उन्हाळा कसा काढायचा? कोकण-गोव्याचंच हवं असं नाही, उष्ण मुलखात कुठेही राहत असाल तरी लिहा. 'निसर्गाच्या सान्निध्यात' छापाचं नको, कामाचं सांगा.

रत्नागिरी
आधी पहार मारून बघा. जांभ्यावर घर असेल तर वीतभर मातीखाली दगड लागतो. तिथे मोठ्या झाडाचा नाद सोडायचा, अबोली-जास्वंद लावायची. पावसाळ्यात इकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि दिवाळी सरली की तीच जमीन ठणठणीत कोरडी. पालापाचोळा जाळू नका, आळ्यात घाला. (शेजारी जाळतात आणि आम्हाला हसतात. हसू देत.) न्हाणीचं सांडपाणी आम्ही केळीच्या आळ्याकडे वळवलंय, बाजूला अळू. एप्रिलात विहिरीचा तळ दिसायला लागला तरी अळूवडी चुकत नाही.

पण पाचोळ्याचा ढीग जोत्याला टेकवायचा नाही. फुरसं पाचोळ्याच्याच रंगाचं असतं, जेमतेम हातभर, आणि जहाल विषारी. पाला दाताळ्याने ओढायचा, हाताने कवळा भरायचा नाही. तिन्हीसांजेनंतर विजेरीशिवाय परसात पाऊल टाकू नका.

आता करार. 'अकराच महिन्यांचा तर आहे, नोंदणी कशाला?' हे ऐकायला मिळेलच. महाराष्ट्रात १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५प्रमाणे करार लेखी लागतो आणि नोंदवावाही लागतो, शिवाय ती जबाबदारी मालकाची. त्यातच आंबे-नारळ कोणाचे ते लिहून घ्या. आमच्या आधीच्या मालकांनी मे महिन्यात गडी पाठवून अख्खं झाड उतरवून नेलं होतं. वर्षभर पाणी आमचं!

म्हापसा
माड कुठे झुकलाय ते बघून गाडी लावा. पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ काढणारा, आपल्याला हवा तेव्हा मिळत नाही, नारळ मात्र त्याच्यासाठी थांबत नाहीत. झावळी पडली तर कौलंही फुटतात. ती कोणी बदलायची, हे पावसाआधी ठरवा.

फिनिक्स, ॲरिझोना
इथे बागेचं वर्ष उलटं धरायचं. मेथी, कोथिंबीर, मुळा ऑक्टोबरात पेरायचा; उन्हाळ्यात भेंडी आणि चवळी तग धरतात, तीही दुपारी हिरव्या जाळीखाली. २०२३च्या उन्हाळ्यात सलग ३१ दिवस कमाल तापमान ११० फॅरनहाइट, म्हणजे ४३ सेल्सिअस, किंवा त्याहून वर होतं. नळीत साचलेलं पहिलं पाणी हात भाजेल इतकं तापतं, ते रोपांवर नाही, बाजूला सोडायचं. घर घेताना ठिबकचा टायमर चालू आहे का ते मालकासमोरच बघा.

विंचवांसाठी अतिनील विजेरी घ्या. रात्री कुंपणाच्या भिंतीवर मारली की विंचू हिरवट चमकतो. पहिल्यांदा बघितल्यावर झोप लागत नाही, नंतर सवय होते. आणि कढीपत्त्याचं रोप दुसऱ्या राज्यातून मागवण्याआधी नियम बघा. लिंबाच्या झाडांना रोग पसरवणारी कीड त्यावर पोसते.

ब्रिस्बेन
गवत कापणं, तण काढणं भाडेकरूकडेच असतं, आणि एजंटबाई दर तीन महिन्यांनी तपासणीला येऊ शकतात. खरी डोकेदुखी मात्र ब्रश टर्की नावाचा कोंबडीवजा पक्षी. नर घरट्यासाठी अख्ख्या बागेतलं आच्छादन पायाने मागे उडवत एका कोपऱ्यात नेतो आणि माणसाच्या कमरेएवढा ढीग रचतो. संरक्षित पक्षी, त्यामुळे त्याला इजा करणं गुन्हा. आम्ही आच्छादनाऐवजी मोठे गोटे टाकले, वाफ्यांवर जाळी अंथरली. गोट्यांनी माती तापते, पण निदान माती जागेवर राहते.

देवगड
सगळ्यांनी बागा सांगितल्या, माकडांचं कोणीच बोललं नाही. सावंतवाडीला जाताय ना? आमच्याकडे लाल तोंडाची आणि काळ्या तोंडाची, दोन्ही येतात. पपई, पेरू, भोपळ्याची फुलं, काही ठेवत नाहीत. आजवर हळद, आलं, सुरण आणि अळू यांनाच तेवढा हात लावलेला नाही. भाड्याच्या घरात कुंपणावर खर्च करण्यापेक्षा तेच लावा. कौलं कोण बदलणार, ते करारात घालताना माकडांचाही उल्लेख करा. आमचे मालक 'पावसाने फुटली तर मी, माकडांनी फोडली तर तुम्ही' म्हणतात.