आंबवलेली पत्ताकोबी घातलेलं पास्ता सॅलड: रात्रभरात कडू आणि पाणचट का होतं?

बर्डीकर विचारतात:
नमस्कार मंडळी. पोटाला सोसेल असं थंड पास्ता सॅलड रविवारी ६ जणांसाठी करायचं आहे. आदल्या रात्री करून दुपारी १२ ला नागपुरातच मानेवाड्याला न्यायचं. मागच्या वेळचं प्रमाण: २५० ग्रॅम फुसिली (पिळाचा पास्ता), १ वाटी आंबवलेली पत्ताकोबी, १ वाटी साधं दही, २ संत्र्यांचा रस, १ काकडी, मोहरीची पूड, थोडं फल्लीतेल (शेंगदाण्याचं तेल). सकाळी पाहिलं तर खाली पाणी, रस्सा कडवट आणि पास्ता टणक. कोबीसुद्धा लिबलिबीत होती (बरणी ४ दिवस ओट्यावर, मीठ अंदाजाने). कुठे काय चुकलं? आणि गरम पास्त्यात कोबी मिसळली तर तिच्यातले जिवाणू मरतात का?

खारं_पाणी:
कडवटपणा संत्र्याचा आहे. आपल्या नागपुरी संत्र्याचा रस काढल्या काढल्या गोड लागतो, पण काही तास ठेवला की त्यात लिमोनिन नावाचं कडू द्रव्य तयार होतं आणि तो कडू होतो. बिया आणि पांढऱ्या पापुद्र्यासकट मिक्सरमध्ये फिरवला तर आणखी कडू. त्यामुळे रात्रीच्या मिश्रणात रस अजिबात नको. मृग बहाराची संत्री अजून मिळत असतील तर ताटात वाढायच्या वेळी फोडी सोलून, बिया काढून वरून घाला. आंबटपणासाठी कोबीच्याच बरणीतलं पाणी २ मोठे चमचे पुरतं.

पाणी सुटलं ते दह्याचं आणि काकडीचं. अर्धा लिटर दुधाचं दही मलमलच्या कापडात बांधून फ्रिजमध्ये ४ तास टांगा आणि त्यातला १५० ग्रॅम चक्का घ्या. काकडीच्या बिया काढून तिला अर्धा छोटा चमचा मीठ चोळा, १५ मिनिटांनी घट्ट पिळा.

पास्ता: मोठ्या गंजात (पातेल्यात) अडीच लिटर पाणी, त्यात २० ग्रॅम मीठ. पाकिटावरच्या वेळेपेक्षा १ मिनिट जास्त शिजवा, कारण थंड झाला की स्टार्च आवळतो आणि पास्ता कडक होतो. गरम खायला योग्य असलेला पास्ता थंड खायला कच्चा लागतो. निथळून थंड पाण्याखाली धरा, परातीत पसरा, १ मोठा चमचा तेल चोळा आणि लगेच फ्रिजमध्ये ठेवा. थंड झाल्यावर त्यातल्या थोड्या स्टार्चचं लहान आतड्यात पचन होत नाही, तो मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंना खाद्य म्हणून पोहोचतो. म्हणजे रात्रभर थंड ठेवण्यात फायदाच आहे.

जिवाणूंचं म्हणाल तर हो, वाफाळत्या पास्त्यात कोबी घातली की बहुतेक मरतात. चवीला फरक पडत नाही, पण मग एवढी बरणी कशासाठी भरली? चक्का आणि कोबी दोन्ही पास्ता पूर्ण गार झाल्यावरच मिसळा. कोबी निथळून १५० ग्रॅम. वेगळं मीठ घालू नका, कोबीत पुरेसं असतं.

मोहरीची पूड कोमट पाण्यात १० मिनिटं भिजवून मग चक्क्यात मिसळा. कोरडी घातली तर तिचा तिखटपणा नीट उतरत नाही.

बरणी_झाकण:
कोबीचं मी सांगतो. अंदाजाने मीठ घालणं हीच चूक. कापलेल्या कोबीच्या वजनाच्या २ टक्के मीठ, म्हणजे १ किलोला २० ग्रॅम. आत्ताच्या उन्हात २५ ग्रॅम करा. काट्यावरच मोजा, चमच्याने जमत नाही. जाड्या आणि बारीक मिठाचं वजन एका चमच्यात वेगळं येतं.

मीठ घालून १० मिनिटं हाताने चुरगाळा, पाणी सुटेल. काचेच्या बरणीत मुठीने दाबून भरा, वरून कोबीचं बाहेरचं अखंड पान आणि त्यावर काचेची छोटी वाटी वजन म्हणून. कोबी पाण्याखालीच राहिली पाहिजे. पाणी कमी पडलं तर १ लिटरला २० ग्रॅम मीठ विरघळवून ते ओता. वर २ इंच जागा रिकामी ठेवा आणि रोज एकदा झाकण सैल करून वायू सोडा. ॲल्युमिनियम, पितळ नको, आंबट पाणी धातूला खातं.

लिबलिबीत झाली ती उष्णतेने. ही भाजी २० ते २२ अंशांना सावकाश आंबते आणि कुरकुरीत राहते. आपल्याकडे मार्चअखेर ओट्यावर ३५ च्या पुढे जातं, म्हणून भरभर आंबून पोत बिघडतो. बरणी पाण्याच्या टोपात ठेवून ओलं गोणपाट गुंडाळा आणि कूलरच्या खोलीत ठेवा. हवा कोरडी असल्याने एप्रिल-मेमध्ये हे चांगलं काम करतं, पावसाळ्यात नाही. तिसऱ्या दिवशी चाखा, आंबट लागली की फ्रिजमध्ये. हिवाळ्यात तेच काम १० ते १४ दिवस घेतं.

वर पांढरी पातळ साय आली तर काढून टाका, अपायकारक नसते, वास मात्र बिघडवते. काळी, हिरवी, गुलाबी बुरशी किंवा केसाळ ठिपका दिसला तर अख्खी बरणी फेका. वरचं काढून खालचं खाऊ नका.

बर्डीकर:
खूप आभार. दुकानातलं व्हिनेगरमधलं लोणचं चालेल का? यावेळी बरणी तयार होणार नाही.

खारं_पाणी:
चवीला चालेल, पण ते आंबवलेलं नाही, व्हिनेगरने आंबट केलेलं आहे. त्यात जिवंत जिवाणू नसतात. बरणी नसेल तर चक्काच पुरे, ताज्या दह्याचा.

साधं_जेवण:
एक गोष्ट राहिली. कांदा, लसूण आणि गव्हाचा पास्ता तिन्हींत फ्रुक्टन (आतड्यात आंबून गॅस करणारी कर्बोदकं) असतात, त्यामुळे ज्यांना गॅसचा त्रास आहे त्यांना हेच सॅलड जड जाईल. कच्चा कांदा-लसूण गाळा, वरून सांबार (कोथिंबीर) आणि भाजलेलं जवस २ चमचे घाला. आंबवलेलं कधी न खाणाऱ्याला पहिल्यांदा १ मोठा चमचा कोबी, नंतर वाढवा. रक्तदाबावर मीठ कमी करायला सांगितलेल्यांनी कोबी पिळून घ्यावी. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी, केमोथेरपी सुरू असलेल्यांनी घरी आंबवलेलं खाण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावं.

बरणी_झाकण:
नेण्याबद्दल: ३२ अंशांवर सॅलड तासाभरापेक्षा जास्त बाहेर नको. शिजलेला पास्ता कोमट पडून राहिला की बॅसिलस सेरियस हा जिवाणू वाढतो, आणि त्याचं विष परत गरम केल्यानेही जात नाही. डबा बर्फाच्या पिशव्यांमध्ये न्या. पास्ता आणि चक्का वेगवेगळ्या डब्यांत ठेवून तिकडेच मिसळलं तर पाणीही सुटणार नाही.