रांग, लाईन की लंबर?

दर्यापूरकर: तूर खरेदी केंद्राच्या फाटकावर पाटी लावायची आहे. मी लिहिलं, 'वाहने रांगेत लावावीत.' बाबा म्हणाले, "रांग कोन म्हनते बे? लायनीत लेह." पण आमच्याकडे लाईन म्हणजे वीज! परवा कोणीतरी 'लाईन आली' ओरडलं, तर निम्मे लोक ट्रॅक्टर सोडून मोटर चालू करायला वावरात पळाले. काय लिहू?

मूळची सातारची: रांगच लिहा. लग्नानंतर यवतमाळला आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, 'लाईन गेली.' मी विचारलं, कुठे गेली? अजून ऐकवतात. इतका चांगला शब्द असताना इंग्रजीची उसनवारी कशाला?

आर्णीचे गुरुजी: 'रांग' रांगण्यावरूनच आली असणार. रेशन दुकानात उभं राहिलं की पटतं. आणि रांग अधिक ओळ म्हणजे रांगोळी.

मूळची सातारची: गुरुजी, रांगोळी 'रंगावली'वरून! पोरांना असं शिकवू नका.

आर्णीचे गुरुजी: पोरं तर ठिपक्यांच्या रांगाच काढतात.

जुना कास्तकार: 1972 मधी कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली. तवापासून बंड्या उभ्या केल्या, पन रांग कोनी म्हनली नाई. बंडी लंबरावर लावाची, बैल सोडाचे अन् बंडीखाली झोपाचं. लायनीत मानूस उभा रायते, लंबर लावून मानूस घरी जेवाले जाते. बँकेत मायी चप्पल लंबर लावते.

खामगावचा: हा फरक एकदम बरोबर! 2017 मध्ये बारदाना नव्हता म्हणून तुरीची मापं थांबली, तेव्हा आम्ही घरी होतो, नंबर मात्र केंद्रावर. 'रांगेत आहे' म्हटलं असतं तर खोटं ठरलं असतं. बाकी शेगावला 'दर्शनबारी' आहेच की. 'बारी' का नको?

अंजनगावकर: आमच्याकडे बारी म्हणजे पानमळेवाला समाज. 'बारीत उभे राहा' लिहिलं तर लोक विचारतील, कोणाच्या घरी?

मूळची सातारची: मग 'पाळी' लिहा.

खामगावचा: ताई, खरेदी केंद्राच्या फाटकावर?

मूळची सातारची: त्यात काय झालं? कामाची पाळी, रात्रपाळी म्हणता ना?

जुना कास्तकार: रातपाळीची तं लाईनच असते, बाप्पा. ते पाटी राहू द्या. तुरीचा काटा चालू हाये का बंद, ते सांगा.