मुलांना घेऊन कोकणकिनारी तंबूत मुक्काम: तुमचे अनुभव लिहा

नमस्कार मंडळी. दिवाळीपासून होळीपर्यंतचे दिवस कोकणात तंबू घेऊन उतरायचे. आपला तंबू, आपली शिदोरी आणि सोबत लहान मूल असा मुक्काम ज्यांनी केलाय त्यांनी इथे सविस्तर लिहावं. माझं ठाम मत आधीच सांगते: मूल सोबत असेल तर जागा उजेड असतानाच आणि वाडीतल्या माणसाला विचारूनच ठरवावी. सुरुवात मीच करते.

भोगव्याच्या बाजूला गेलो तेव्हा लेक सहा वर्षांची होती. पोचल्यावर आधी पुळणीमागच्या माडाच्या बागेतल्या आजोबांना भेटलो. ते आमच्याबरोबर खाली आले आणि वाळलेल्या शेवाळाची, काटक्यांची ओळ पायाने दाखवली. मागच्या भरतीचं पाणी तिथवर आलेलं. "थय नको, हय वर लावा. आज पुनव आसा, पाणी हेच्या फुडे येतला." मग वाळूत बोटाने हिशेब मांडला. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पुनवेला पंधराची पाऊणपट म्हणजे सव्वाअकरा. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. दिवसा जी वेळ, साधारण तीच रात्री. म्हणजे पुनवेला आणि अवसेला उधाणाचं पाणी नेमकं मूल गाढ झोपेत असताना चढतं! लेकीने त्या ओळीवर एक शिंपला ठेवला आणि हट्टाने जागी राहिली. अकराच्या सुमारास लाट आली, शिंपला गेला. तिथी म्हणजे काय हे तिला त्या रात्री जे कळलं ते मी कालनिर्णय दाखवून कधीच समजावू शकले नसते.

*

आम्ही वेळणेश्वरच्या पुढे, मुलगा चार वर्षांचा. अंधाराला घाबरेल असं वाटलं होतं. पण बॅटरीच्या झोतात पांढुरके खेकडे बिळातून डोळे वर काढून थबकायचे आणि झोत हलला की सुसाट पळायचे, त्यातच तो रमला. मेतकूटभात खाऊन झोपला. किनाऱ्यावरच्या कुत्र्यांचं मात्र लक्षात ठेवा. खरकटं, सुकटीचा वास, काही तंबूजवळ ठेवू नका.

*

मी कोकणातच प्राथमिक आरोग्य केंद्रात काम केलंय, म्हणून थोडं कळकळीने लिहिते. उघड्यावर चटई टाकून मुलाला झोपवू नका. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्यांना चावते, आणि चावा इतका बारीक असतो की मूल रडतही नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात. खालून शिवलेला तंबू आणि पूर्ण बंद चेन, एवढ्यानेही मोठा धोका टळतो. फुरसं दगडांच्या गडग्यांत, पाचोळ्यात असतं, तेव्हा लाकडं गोळा करायला मुलांना पाठवू नका. विंचवाचंही तसंच. सकाळी बूट झटकल्याशिवाय पाय घालायचा नाही. लाल विंचू चावल्यावर मुलाला दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार असं दिसलं की वेळ घालवू नका. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरायला सुरुवात केल्यापासून कितीतरी मुलं वाचली आहेत, पण मूल वेळेत पोचायला हवं. चिरा देऊ नका, करकचून बांधू नका. १०८ ला फोन करा आणि तंबू लावायच्या आधीच जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठे आहे ते विचारून ठेवा.

*

पोलीस पाटलांना कळवून ठेवा. रात्री गस्तवाले आले, नाव विचारलं, दोन मिनिटांत गेले. बाळ उठलंसुद्धा नाही.

*

वेळास, मंडणगड तालुका. कासवांच्या दिवसांत पुळणीवर तंबू लावूच नये, म्हणून आम्ही गावात एका घराच्या खळ्यात परवानगीने लावला. चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने २००२ मध्ये इथे कासवांच्या संवर्धनाला सुरुवात केली. पिल्लं उजळ दिसणाऱ्या बाजूला धावतात, किनाऱ्यावर दिवा असला की समुद्र सोडून उलटीच वळतात. हे ऐकल्यावर आठ वर्षांच्या मुलाने स्वतःची बॅटरी माझ्या हातात दिली. पहाटे घरट्यावरची टोपली उचलली, आणि एक पिल्लू लाटेने दोनदा मागे फेकलं तरी पुन्हा सरळ पाण्याकडेच निघालं. मुलगा श्वास रोखून बघत होता. "आई, त्याला कुणी सांगितलं?"

*

जानेवारीत आंजर्ल्याला जायचंय, मुलगी तीन वर्षांची. थंडी किती असते? तिथी कोणती बघू?

*

थंडीपेक्षा दव जास्त. सकाळी बाहेरचं कापड चिंब असतं, तेव्हा कानटोपी आणि कपड्यांचा एक कोरडा जोड पिशवीत वेगळा बांधून ठेवा. अष्टमीच्या आसपास जा. भांगाची भरती असते, पाणी फार वर चढत नाही. आंजर्ल्यालाही कासवं येतात, तेव्हा तंबू सुरूच्या बनामागे गावाच्या बाजूला, आणि जागा आधी गावात विचारून घ्या.