क्रूझ रद्द झाली, एजंट म्हणतो पुढच्या मे मधे नक्की. पैसे परत मागावेत की थांबावं?

होटगीरोडकर | १९ नोव्हेंबर २०२०

नमस्कार मंडळी. पाडव्याला देवळं उघडली, सिद्धेश्वराचं दर्शन झालं, आणि दिवाळीला सगळे घरी जमल्यावर परत तोच विषय निघाला म्हणून लिहितोय. जरा लांबलंय, पण वाचा.

आई-अण्णांच्या लग्नाला ११ मे ला चाळीस वर्षं पूर्ण होणार होती. अण्णा आधी मिलमधे होते, मिल बंद पडल्यावर अक्कलकोट रोडला एमआयडीसीत यंत्रमागावर टॉवेल काढले, आई घरी शाळांचे युनिफॉर्म शिवायची, मे-जून मधे तर रात्री एक-दीडपर्यंत मशीन चालू असायचं. दोघांनी समुद्र बघितला तो एकदाच, गणपतीपुळ्याला, काठावरनं. त्यांच्या नावाने मी सहा वर्षं रोज शंभर रुपये पिग्मी भरली, त्यात बोनस घातला आणि सिंगापूरहून निघणारी चार रात्रींची क्रूझ बुक केली. आम्ही चौघं, विमान धरून २ लाख ८६ हजार. जानेवारीतच सगळे पैसे पुण्याच्या एका एजंटला एनईएफटी केले. ९ मे चं विमान होतं.

पुढचं तुम्हाला माहितीच आहे. १३ मार्चला सिंगापूरने क्रूझ जहाजांना बंदरच बंद केलं, मग बाहेरच्या पर्यटकांना येणं बंद, इकडं आपली विमानं बंद, लॉकडाऊन. त्यात कुणाचा दोष नाही, ते आम्हाला मान्य आहे. एजंट म्हणाला पैसे सेफ आहेत, क्रेडिट मिळालंय (म्हणजे पैसे कंपनीकडंच, पुढच्या फेरीसाठी जमा), परिस्थिती निवळली की जाऊ. आधी ऑक्टोबर म्हणाला, मग डिसेंबर. आता गेल्या आठवड्यात फोन आला की सिंगापूरची जहाजं ६ नोव्हेंबरपासून सुरू झाली, अमेरिकेने पण बंदी उठवली, मे २०२१ नक्की, आत्ता तारीख धरा आणि फरकाचे ३८ हजार भरा, नंतर रेट वाढतील.

अण्णा ६७ चे आहेत, शुगर आहे. बुकिंगची प्रिंट त्यांनी देवघराच्या खणात ठेवलीय, त्यात जहाजाच्या नकाशावर आमच्या केबिनभोवती पेन्सिलने गोल केलाय, आणि तो कागद इतक्या वेळा उघडून घडी केलाय की घडीवर फाटायला आलाय. त्यांना काय सांगू ते कळत नाही. खरंच सुरू झालंय का? क्रेडिट ठेवावं की रिफंड मागावा? विमानाचे पैसे वेगळे मिळतात का?

बाळीवेस_टूर्स | १९ नोव्हेंबर

दादा, मी स्वतः या धंद्यात आहे, छोटाच आहे, अष्टविनायक, तिरुपती, दक्षिण भारत असल्या बसेस लावतो. आठ महिने गाडी दारात उभी आहे, त्यामुळं एजंटची अडचण मला कळते. तरी सांगतो, ३८ हजार भरू नका. एक रुपया पण नवीन देऊ नका.

सिंगापूरची गोष्ट निम्मीच सांगितली बगा तुम्हाला. सुरू झालंय ते खरं, पण ते जहाज कुठं जातच नाही, समुद्रात फिरून त्याच बंदरात परत येतंय, आणि ते फक्त तिथं राहणाऱ्या लोकांसाठी आहे. निम्मीच माणसं घेतात, चढायच्या आधी टेस्ट. सोलापुरातनं तुम्ही चढणार कसे? पर्यटक म्हणून तिथं प्रवेशच नाही, आणि आपली नेहमीची आंतरराष्ट्रीय विमानं ३० नोव्हेंबरपर्यंत बंद आहेत, दर महिन्याला ती तारीख पुढं ढकलालेत. जहाज सुरू होणं वेगळं आणि आपल्याला तिथवर जाता येणं वेगळं, मधे तीन कुलपं आहेत, दोन किल्ल्या सिंगापूरकडं आणि एक आपल्या सरकारकडं.

अमेरिकेचं पण तसंच. १४ मार्चचा जहाजं न हलवण्याचा आदेश तीनदा वाढवला, ३१ ऑक्टोबरला तो संपला, पण त्याच्या जागी अटींचा नवीन आदेश आला ना ओ. आधी जहाजावरच्या सगळ्या स्टाफची टेस्ट, जहाजावर लॅब, मग स्वतःहून तयार होणारी माणसं घेऊन चाचणीच्या फेऱ्या, त्यात पास झालं तर सर्टिफिकेट, आणि त्यानंतर सुद्धा सात दिवसांपेक्षा मोठी फेरी नाही. तिथल्या मोठ्या कंपन्यांनी स्वतःच ३१ डिसेंबरपर्यंत बंद ठेवलंय. कॅरिबियनमधे सीड्रीम नावाचं छोटं जहाज याच महिन्यात निघालं, जेमतेम ५३ प्रवासी, सगळ्यांच्या टेस्ट करून घेतलेले, तरी चार-पाच दिवसांत पहिला पेशंट निघाला आणि बार्बाडोसला परत आणावं लागलं. एवढी काळजी घेऊन असं झालं तर मे महिना 'नक्की' असं आज कुठला एजंट छातीठोक सांगू शकतो? मी तरी सांगणार नाही.

अजून एक, १ ऑक्टोबरपासून परदेशी पॅकेजवर ५ टक्के टीसीएस, म्हणजे बिलातच आगाऊ घेतला जाणारा कर, लागलाय. नवीन बिल केलं तर तो वर घेतील. कराच्या हिशोबात परत मिळतो, पण आधी तुमच्या खिशातनं जातो. त्या फरकाच्या ३८ हजारात काय काय धरलंय ते लिहून मागा.

शेंगाचटणी_कडकभाकरी | २० नोव्हेंबर

माझा धाकटा भाऊ क्रूझवर केबिन स्टुअर्ड आहे, म्हणून दुसऱ्या बाजूचं लिहिते.

तो मार्चमधे जहाजावरच होता. प्रवासी उतरवले आणि हे लोक तसेच समुद्रात. बंदरात घेईनात, विमान नाही. शेवटी प्रवाशांच्या केबिनमधे एकेकाला ठेवलं, जेवणाचा डबा दाराबाहेर ठेवून बेल वाजवायचे आणि निघून जायचे. तो म्हणायचा ताई इतकी वर्षं मी लोकांच्या दाराबाहेर टॉवेल ठेवले, आता माझ्या दाराबाहेर कुणी काय ठेवतंय. रोज रात्री व्हिडिओ कॉलवर आई त्याला फक्त बघत बसायची, बोलायची नाही. जूनमधे चार्टर विमानाने मुंबई, सात दिवस हॉटेलात, मग गाडी करून सोलापूर, इथं परत सात दिवस वरच्या खोलीत. बाहेर पडायची वेळ आली तर १६ जुलैपासून आपल्याकडं दहा दिवसांचा कडक लॉकडाऊन लागला.

जहाजावर रोग का पसरतो ते त्याच्याकडून कळलं. स्टाफच्या खोल्या खाली पाण्याच्या पातळीजवळ, खिडकी नाही, दोघं-दोघं वरखाली बंकवर, मेसमधे शेकडो माणसं एकाच वेळी, आणि तीच माणसं वर जाऊन प्रवाशांच्या खोल्या करणार, जेवण वाढणार. जपानला योकोहामाला फेब्रुवारीत डायमंड प्रिन्सेस अडकलं तेव्हा ३,७११ जण होते त्यावर आणि सातशेवर लोकांना लागण झाली. प्रवाशांना खोलीत बंद केलं, पण स्टाफ कामच करत होता. आपले १३८ भारतीय होते, त्यात फक्त ६ प्रवासी, बाकी सगळे नोकरीवरचे. आपल्याकडचे लोक क्रूझचा विचार करताना प्रवासी म्हणून करतात, पण जहाजावर आपले लोक जास्त आहेत ते खाली, कामाला.

आता मुद्द्याचं. तुमचा एजंट काय म्हणतो त्यापेक्षा स्टाफला जॉइनिंग लेटर येतंय का ते बघा, कारण जहाज सुरू करायचं तर माणसं आधी बोलवावी लागतात, मेडिकल, व्हिसा, टेस्ट, जहाजावर गेल्यावर क्वारंटाइन. भावाला ऑगस्टमधे मेल आला ऑक्टोबरला तयार राहा म्हणून, मग आला की पुढच्या सूचनेपर्यंत थांबा, आणि आता काहीच नाही. पगार नाही. मेडिकलची मुदत संपली, परत करायची का हे पण मॅनिंग एजंट (जहाजावर माणसं भरणारा) सांगत नाही. सध्या तो मामाच्या दुकानात चादरी मोजतोय, आणि हात इतके सवयीचे की प्रत्येक टॉवेल हत्तीच्या आकाराची घडी घालतो, गिऱ्हाईकांची पोरं बघत उभी राहतात. मला त्याचे हात बघवत नाहीत.

तुमच्या अण्णांना शुगर आहे. वर्षभर तरी नका नेऊ.

विजापूररोड_७७ | २० नोव्हेंबर

माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नका. बऱ्याच कंपन्यांनी क्रेडिट घेतलं तर भरलेल्या रकमेपेक्षा जास्त दिलंय, काहींनी सव्वापट. लस येणार अशा बातम्या या महिन्यात रोज आहेत. ज्याला नक्की जायचंच आहे त्याने क्रेडिट ठेवलं तर फायदाच आहे. आणि सगळ्यांनी एकदम पैसे मागितले तर ट्रॅव्हलवाले जगणार कसे, ती पण आपलीच माणसं आहेत. तुमचं क्रेडिट किती टक्क्यांचं आहे ते विचारलंत का?

बाळीवेस_टूर्स | २० नोव्हेंबर

साहेब तुमचं म्हणणं चूक नाही, पण क्रेडिट म्हणजे उधारी आहे, कंपनी राहिली तर मिळणार. मुंबईहून जाणारी आपली जलेश क्रूझेसची कर्णिका आठवते का, एप्रिल २०१९ ला सुरू झाली, आमच्याकडं पण लोक विचारायला यायचे, मार्चमधे थांबली ती थांबलीच आणि गेल्या महिन्यात कंपनी बंद झाली. ब्रिटनची क्रूझ अँड मेरिटाइम व्हॉयेजेस जुलैमधे बुडाली. स्पेनची पुलमंतूर जूनमधेच दिवाळखोरीत गेली. कार्निव्हलसारख्या मोठ्या कंपनीने सुद्धा जुनी जहाजं तुर्कस्तानला भंगारात पाठवलीत. सव्वापट कागदावर असून उपयोग काय? आणि ज्यांचे पैसे पिग्मीतनं उभे राहिलेत त्यांनी दुसऱ्याचा धंदा जगवायची जबाबदारी घेऊ नये, हे मी धंद्यातला असून सांगतोय.

ग्राहक_कोर्टाचा_अनुभव | २१ नोव्हेंबर

होटगीरोडकर, क्रूझ आणि विमान दोन वेगळे विषय आहेत, एकत्र भांडू नका.

विमान: सुप्रीम कोर्टाचा १ ऑक्टोबर २०२० चा निकाल आहे. लॉकडाऊनच्या आधी काढलेलं आणि २४ मे पर्यंतच्या प्रवासाचं तिकीट असेल तर विमान कंपनीने पैसे परत द्यायचे, कंपनी अडचणीत असेल तर ३१ मार्च २०२१ पर्यंत क्रेडिट शेल (तेवढी रक्कम पुढच्या तिकिटासाठी जमा), त्यावर दरमहा थोडी वाढ, आणि तोपर्यंत वापरलं नाही तर पैसे परत. एजंटमार्फत काढलं असेल तर पैसे एजंटकडे येतात आणि त्याने ते लगेच प्रवाशाला द्यायचे, असं स्पष्ट लिहिलंय. तुमचं ९ मे चं आहे, म्हणजे तुम्ही यात बसता. एजंटला पीएनआर मागा आणि थेट विमान कंपनीला विचारा की या पीएनआरचा रिफंड सोडला का. बऱ्याच ठिकाणी पैसे एजंटच्या खात्यात येऊन बसलेत आणि गिऱ्हाईकाला पत्ताच नाही.

क्रूझ: फोनवर बोलणं बंद करा, सगळं मेलवर. क्रूझ कंपनीने रद्द केल्याचं मूळ पत्र जसंच्या तसं फॉरवर्ड करायला सांगा. त्यात ग्राहकाला काय पर्याय दिला होता आणि कुठल्या तारखेपर्यंत, ते बघा. क्रेडिट कुणाच्या नावावर आहे, तुमच्या की एजंटच्या, हे सगळ्यात महत्त्वाचं.

नाही ऐकलं तर, २० जुलैपासून नवीन ग्राहक कायदा लागू झालाय, त्यात तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. पुण्याला हेलपाटे घालायची गरज नाही, सोलापुरातच. ५ लाखांपर्यंत फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षं. त्याआधी ग्राहक हेल्पलाइन १८००-११-४००० वर नोंद करा, कधीकधी तेवढ्यानेच काम होतं.

होटगीरोडकर | २७ नोव्हेंबर

सगळ्यांचे मनापासून आभार. ३८ हजार भरले नाहीत.

मेल केला. चार दिवस उत्तर नाही, मग विमान कंपनीला पीएनआर देऊन विचारलं तर त्यांनी सांगितलं रिफंड एजंटच्या खात्यात जमा होऊन तीन आठवडे झाले. तो मेल एजंटला पाठवला, त्याच संध्याकाळी त्याचा फोन, 'अहो तुमचे पैसे देणारच होतो'. मी म्हटलं मेलवर लिहा. १ लाख ४ हजार दहा दिवसांत देतो असं लिहून दिलंय.

क्रूझचं पत्र बघून मात्र हात गार पडले. कंपनीने एप्रिलमधेच दोन पर्याय दिले होते, पूर्ण रिफंड किंवा क्रेडिट, ३१ मे पर्यंत कळवा. ४ मे ला एजंटने आमच्या वतीने क्रेडिट निवडून टाकलंय. आम्हाला कुणी विचारलं नाही, एक व्हॉट्सॲप सुद्धा नाही. आठ महिने माझा बाप नकाशा उघडून बघत बसला आणि पैसे कुठं ठेवायचे ते भलत्यानेच ठरवलं. हेल्पलाइनवर नोंद केलीय, तक्रारीचा मसुदा लिहायला घेतलाय.

काल विमानबंदी पण ३१ डिसेंबरपर्यंत वाढली. तेवढी बातमी अण्णांना दाखवली आणि क्रूझचं पत्र पण वाचून दाखवलं, लपवायचं नाही ठरवलं. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले विमानाचे पैसे आले की वेगळ्या खात्यात टाक, त्याला हात लावू नकोस. कागद परत खणात ठेवला.

ताई, तुमच्या भावाला जॉइनिंग आलं की इथं नक्की लिहा, आम्ही आता त्याचीच वाट बघतोय. आणि एक विचारायचं राहिलं, क्रूझ कंपनीला थेट लिहिताना एजंटला सीसीत ठेवू का?

ग्राहक_कोर्टाचा_अनुभव | २७ नोव्हेंबर

ठेवा. ४ मे ची निवड आम्ही केलेली नाही, आम्हाला विचारलेलं नाही, हे पहिल्याच ओळीत लिहा आणि बुकिंगवर चौघांची नावं आहेत तर चौघांच्या सह्या घ्या. अण्णांची पण.