गोव्यात हयातीतच ट्रस्ट केल्यास वारसांची इन्व्हेंटरी टळते का?

प्रश्न (फोंडा):
माझे वडील ७८ वर्षांचे आहेत. घर आणि सुपारीचे कुळागर आईवडिलांच्या संसारात घेतलेले आहे. आम्ही तीन भावंडे असून धाकट्या भावाला जन्मापासून बौद्धिक अपंगत्व आहे. मृत्युपत्राऐवजी आताच ट्रस्ट केला तर पुढे इन्व्हेंटरीसाठी, म्हणजे मृताच्या मालमत्तेची यादी करून वारसांत वाटणी करण्यासाठी, न्यायालयाची पायरी चढावी लागणार नाही, असे पुण्याची बहीण म्हणते. हे खरे आहे का?

उत्तर (पणजी, वकील):
आपल्या बहिणीचे म्हणणे अर्धेच खरे आहे. लग्नापूर्वी वेगळा करार झाला नसेल, तर गोव्यात पतिपत्नीची मालमत्ता सामाईक असते. म्हणून निम्मा वाटा आईचाच आहे, आणि तिच्या संमतीवाचून वडिलांना घर किंवा कुळागर ट्रस्टकडे देता येणार नाही. वडिलांच्या निम्म्यातलाही अर्धा भाग मुलांसाठी राखीव असतो. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतले हे तत्त्व २०१२ च्या गोवा वारसा कायद्यातही कायम आहे. ट्रस्टमुळे हा हक्क डावलला गेल्यास वारस दाद मागू शकतात. मात्र धाकट्या भावासाठी ट्रस्ट खरोखर उपयोगी आहे, कारण मृत्युपत्र मृत्यूनंतरच लागू होते, तर ट्रस्ट आजपासून चालतो. जमिनीचा ट्रस्ट नोंदणीकृत दस्तानेच करावा लागतो. तो रद्द करण्याचा अधिकार १८८२ च्या भारतीय न्यास (ट्रस्ट) कायद्यानुसार दस्तात स्पष्ट राखून ठेवावा. अशा रद्द करता येणाऱ्या ट्रस्टचे उत्पन्न मात्र वडिलांच्याच नावे करपात्र राहते.

उत्तर (म्हापसा):
माझ्या वडिलांना पक्षाघात झाला तेव्हा त्यांचा उजवा हात उचलेना. पैसे ट्रस्टच्या खात्यात असूनही एकमेव विश्वस्ताच्या, म्हणजे त्यांच्या, सहीवाचून काढता येईनात. कुळागरातल्या पंपाचे बिल आणि पाडेल्याची (झाडावर चढून फळे उतरवणाऱ्याची) मजुरी मी सात महिने उसनवारीवर भागवली. दुसरा विश्वस्त आधीच नेमलेला असता तर हे घडले नसते, म्हणून आपण वडिलांची प्रकृती चांगली असतानाच हे काम उरकावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. विश्वस्त एकच नेमू नका, आणि एकाच्या पश्चात दुसरा कोण, हेही दस्तात लिहून घ्या.

प्रश्नकर्ती:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. काल रात्री हे सारे आईला वाचून दाखवले. आपल्या निम्म्या वाट्यातून सही करण्यास ती तयार आहे. तिची अट एवढीच आहे की धाकट्याला त्या घराबाहेर कोणीही काढता कामा नये, हे कलम दस्तात सर्वात आधी यावे.