जोडीदाराची फसवणूक पकडून देणाऱ्या ऑनलाइन सेवांवर किती विसंबायचं?

अबोली

परवा रात्री साडेअकराला मैत्रिणीचा फोन आला. रडत होती. अशा एका सेवेत तिने नवऱ्याचं पहिलं नाव, वय आणि फोटो दिला होता. पैसे भरल्यावर दहा मिनिटांत उत्तर आलं: डेटिंग अ‍ॅपवर प्रोफाइल सापडलं. स्क्रीनशॉट मलाही पाठवला. माणूस तोच होता, त्यात वाद नाही. दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही, धड जेवलीही नाही. तिसऱ्या दिवशी मी तो फोटो मोठा करून पाहिला. डोळ्यांवर जाड काळ्या फ्रेमचा चष्मा. त्यांच्या लग्नाच्या एकाही फोटोत तो चष्मा नाही, तेव्हापासून बारीक सोनेरी फ्रेमच आहे. म्हणजे प्रोफाइल लग्नाआधीचं. त्याने फोनमधून अ‍ॅप काढलं होतं, खातं मात्र बंद केलं नव्हतं. अ‍ॅप काढलं म्हणून खातं जात नाही, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

सेवेने खोटं सांगितलं असं मी म्हणणार नाही. पण लाल अक्षरांत 'सापडलं' आणि तारीख कुठेच नाही, ही मांडणी बघून बायकोने दुसरं काय समजायचं? माझं मत: अशा उत्तरावर संसाराचा निर्णय घेऊ नये. तुम्हाला काय वाटतं?

रातराणी

अबोलीताई, तुमच्या मैत्रिणीला जो त्रास झाला त्याचं वाईट वाटलं. तरी मी दुसऱ्या बाजूने बोलणार आहे.

वर्षभर मी जोडीदाराला विचारत होते आणि वर्षभर मला एकच उत्तर मिळत होतं: "तुझ्या डोक्यात काहीतरी भरलंय." शेवटी मलाही तसंच वाटायला लागलं. मग मी शोध घेतला. प्रोफाइल मिळालं. फोटो आम्हा दोघांचा होता, दोनच महिन्यांपूर्वीचा. त्यातून मला कापून टाकलं होतं, पण त्याच्या खांद्यावर माझी चार बोटं राहिली होती. अंगठीसकट.

त्या बोटांनी मला वेड लागण्यापासून वाचवलं. "सरळ विचारा" हा सल्ला समोरचा खरं बोलणार असेल तरच कामाचा. आणि प्रश्न फक्त मनाचा नव्हता. मी लगेच डॉक्टरांकडे जाऊन लैंगिक आजारांच्या तपासण्या करून घेतल्या. ते कळायचा हक्क मला होता की नव्हता?

गणिती

रातराणी, तुमचा पुरावा ती बोटं होती. सेवेने फक्त तिथवर नेलं. एरवी नुसत्या 'सापडलं'चं वजन किती, ते पाहू. आकडे केवळ उदाहरणासाठी धरतोय.

१००० जणांनी शोध घेतला, त्यातल्या १०० जणांचे जोडीदार खरोखर फसवत आहेत आणि सेवा १० पैकी ९ वेळा बरोबर ठरते असं समजा. फसवणाऱ्या १०० पैकी ९० सापडतील. पण प्रामाणिक ९०० पैकीही ९० जणांवर बोट ठेवलं जाईल. म्हणजे 'सापडलं' ऐकणाऱ्या १८० पैकी निम्म्यांचे जोडीदार निर्दोष. '९० टक्के अचूक' अशी जाहिरात वाचताना हे डोक्यात येत नाही.

रातराणी

हिशेब बरोबर आहे, पण १००० मध्ये १०० कशावरून? पैसे भरून शोधायला कुणी सहज म्हणून बसत नाही. आधी कित्येक महिने काहीतरी खटकत असतं. निम्मे धरा आणि परत मांडा.

गणिती

मांडलं. ५०० फसवणारे धरले तर ४५० खरे सापडतात, ५० निर्दोष अडकतात. तुमचा मुद्दा मान्य, वजन बरंच वाढतं. पण आता दुसरं टोक बघा: 'सापडलं नाही' ऐकून निश्चिंत झालेल्या ५०० जणांतही ५० जणांची फसवणूक चालूच असते.

शिवाय १० पैकी ९ हे मी सढळ हाताने दिलं. २०१६ मध्ये स्वाइप बस्टर नावाची सेवा आली, तेव्हा ती टिंडर या डेटिंग अ‍ॅपच्या एपीआयमधून, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामना माहिती देणाऱ्या दारातून, थेट माहिती उचलत होती. तरी नाव आणि वय माणसाने स्वतः भरलेलं, खरं-खोटं काहीही. आता तर टिंडरवर पैसे भरले की आपण ज्यांना पसंत करू त्यांनाच दिसायची सोय आहे. मुरलेला माणूस ती वापरणार. सापडतो तो बेसावध, किंवा अबोलीताईंच्या मैत्रिणीच्या नवऱ्यासारखा विसरभोळा.

कुलूपकिल्ली

मी माहिती सुरक्षेच्या कामात आहे. इथे सगळे प्रोफाइल शोधण्यावरच बोलताहेत, पण याच नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

पहिली, "नंबर द्या, व्हॉट्सअ‍ॅप वाचून देतो." २०१६ पासून तिथे एंड-टू-एंड एन्क्रिप्शन आहे, म्हणजे मेसेज फक्त पाठवणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या फोनमध्येच वाचता येतो. नुसत्या नंबरवरून चॅट मिळत नाहीत. असं म्हणणारा पैसे घेऊन गायब होतो, किंवा नंतर तुम्हालाच धमकावतो. गूगल आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेतल्या संशोधकांनी ग्राहक बनून ईमेल खाती फोडून देणाऱ्या २७ जणांना काम दिलं. प्रत्यक्ष प्रयत्न केला फक्त ५ जणांनी. हा अभ्यास २०१९ चा.

दुसरी, जोडीदाराच्या फोनमध्ये गुपचूप टाकायचं हेरगिरीचं अ‍ॅप. ते चालतं, आणि माझा खरा राग त्यावरच आहे. फोनमधलं सगळं आधी त्या कंपनीकडे जातं, मग तुमच्याकडे. 'लेटमीस्पाय' २०२३ मध्ये फोडलं गेलं, 'पीसीटॅटलटेल' २०२४ मध्ये. दोन्ही बंद पडली, पण लोकांची खासगी माहिती तोवर चोरांच्या हातात गेली होती. २०२१ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेने, 'स्पायफोन'ला या धंद्यातूनच बाहेर काढलं. शिवाय अनेक देशांत असं अ‍ॅप लपवून टाकणं गुन्हा आहे. फसवणारा राहतो बाजूला, आणि तुम्ही आरोपी होता.

तिसरी, ईमेल टाकून शोधायची पानं. विवाहित लोकांना बाहेरचे संबंध जुळवून देणाऱ्या अ‍ॅशली मॅडिसन या साइटचा डेटा २०१५ मध्ये फुटला तेव्हा तशी पानं लगेच उगवली. तीन कोटींहून जास्त खाती होती, पण ईमेल खरा कुणाचा हे ती साइट तपासतच नव्हती. कुणीही कुणाच्याही पत्त्यावर खातं उघडावं. म्हणजे यादीत पत्ता दिसला म्हणून तो माणूस तिथे गेला होता, हे ठरत नाही.

वाटसरू

निष्ठेची परीक्षा घेणारे राहिले, म्हणजे पैसे घेऊन तुमच्या जोडीदाराला मुद्दाम मेसेज करून तो भुलतो का ते बघणारे. मी त्यातून गेलोय. एका अनोळखी मुलीचा मेसेज आला, "आपण एकाच कॉलेजात होतो, तुझं हसू आठवतं." मी लिहिलं, "थँक्यू, पण तुम्हाला ओळखलं नाही." पुढे लिहिलं की माझं लग्न ठरलंय. माझ्या होणाऱ्या बायकोकडे पोहोचलेला स्क्रीनशॉट "थँक्यू"पाशीच कापलेला होता. पूर्ण चॅट माझ्या फोनमध्ये होतं म्हणून निभावलं. मला सवयीने चॅट पुसायची खोड असती तर आज माझं लग्न झालेलं नसतं. परीक्षा घेणारी पैसे घेऊन आली होती, तिला काहीतरी दाखवणं भाग होतं.

रातराणी

वाटसरू, हे फार वाईट झालं. मुद्दाम मोहात पाडणं आणि फोन फोडणं, दोन्हीला माझाही विरोध आहे. पण ज्याने स्वतःहून जगासमोर मांडलेलं प्रोफाइल मी शोधलं, त्यात मी चूक केली असं मला आजही वाटत नाही. तो फोटो मिळाला नसता तर मी अजून त्याच घरात, स्वतःवरच संशय घेत बसले असते.

अबोली

रातराणी, तुमचं वाचून मी थोडी थांबले. तुमच्या जागी मीही शोधलं असतं, हे कबूल करते. फक्त तारीख, फोटो कधीचा, ठिकाण कुठलं, इतकं तरी तपासल्याशिवाय 'सापडलं'वर विश्वास ठेवला नसता.

मैत्रिणीने काल नवऱ्याला सगळं सांगितलं. जुनं खातं बंद करायला बसले, तर पासवर्डच आठवेना, पाऊण तास गेला. तो संशयावर चिडला नाही. "माझा चेहरा तू कुणाला दिलास, ते लोक कोण आहेत, ते त्याचं काय करणार?" हे त्याने तीनदा विचारलं, आणि तिच्याकडे उत्तर नव्हतं. कुलूपकिल्ली, तो फोटो त्यांच्याकडून काढून घेता येतो का?

कुलूपकिल्ली

गोपनीयता धोरणात संपर्काचा पत्ता असेल. फोटो, शोधाची नोंद आणि कार्डाची माहिती पुसा असं लेखी कळवायला सांगा, आणि पुसल्याचं उत्तरही लेखी मागा. पैसे दर महिन्याला कापले जाणार नाहीत ना, तेही आजच बघा.

अबोली

बघितलं. पुढच्या महिन्याचे लागलेच होते. बँकेला कळवून ते थांबवलं, मेलही पाठवलाय. अजून उत्तर नाही.