रिसर्चला सुरुवात करायची तर लायब्ररीतल्या कोशांपासून करावी का? ते खरंच कामाचे असतात?

कोरी_वही

एम.ए. इतिहास करतेय, डेझर्टेशनला 'कॉलरा आणि समाज' हा विषय घेतलाय. तीन आठवडे नेटवर शोधतेय, लॅपटॉपवर चाळीसेक पीडीएफ जमल्यात पण एकही शेवटपर्यंत वाचून झाली नाहीये, कारण प्रत्येक पेपर असा सुरू होतो जणू वाचणाऱ्याला सगळं आधीच माहितीये, कुठली साथ कधीची, मियाझ्मा म्हणजे काय, कोण कोणाशी भांडत होतं, आणि मी दुसऱ्या पानावरच अडकते. गाईड मॅडमना सांगितलं तर म्हणाल्या, आधी दोन दिवस संदर्भ विभागात बस आणि मग ये. गेले, तर तिथे विश्वकोश, शब्दकोश, चरित्रकोश असे जाडजूड खंड, घरी नेता येत नाहीत. आणि आम्हाला पहिल्याच लेक्चरला सांगितलंय की विश्वकोशाचा हवाला देऊ नका. मग हवाला द्यायचाच नाही तर वाचायचा कशाला? मनापासून विचारतेय.

तळटीप

मॅडमनी अगदी बरोबर जागी पाठवलंय तुला. कोश हवाला द्यायला वाचायचाच नसतो, आपण नेमकं काय शोधतोय आणि ते कुठल्या शब्दाने शोधायचं हे कळायला वाचायचा असतो. तुझी अडचण पीडीएफ कमी पडल्याची नाहीये, शब्द कमी पडलेत.

तुझ्याच विषयाचं बघ. आज आपण कॉलरा म्हणतो, पण जुन्या मराठी मजकुरात पटकी, महामारी, जरीमरी असं काय काय येतं, आणि 'कॉलरा' टाकून शोधलंस तर यातलं काहीच हाताला लागणार नाही. पुढची गोष्ट मला स्वतःला हॉब्सन-जॉब्सन या १८८६ च्या कोशात सापडली, इंग्रजांच्या बोलण्यात शिरलेल्या हिंदुस्थानी शब्दांचा कोश आहे तो. त्यात 'मोर-द-शिएँ' अशी नोंद आहे, फ्रेंचमध्ये अर्थ होतो कुत्र्याचं मरण, आणि अठराव्या शतकाअखेरपर्यंत युरोपीय लोक कॉलऱ्याला हे नाव वापरत. पण त्याचा फ्रेंच कुत्र्याशी काही संबंध नाही, मूळ शब्द आपला मोडशी! पोर्तुगीजांनी तो ऐकून त्यांच्या पद्धतीने वळवला आणि फ्रेंचांनी त्याला ओळखीच्या शब्दांचं रूप दिलं. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने गोव्यात १५६३ साली छापलेल्या पुस्तकात हा आजार 'मोर्शी' नावाने आलाय. आता विचार कर, पुष्कळ लेख १८१७ च्या साथीपासून सुरू होतात, आणि हा शब्द त्याच्या अडीचशे वर्षं आधी छापलेला. हे एका नोंदीतून कळलं मला, अर्धं पान असेल फार तर. ती नोंद मी कुठे हवाला म्हणून दिली नाही, पण तिने मला ओर्तापर्यंत नेलं आणि हवाला त्याचा दिला.

खंड_तिसरा

मी लायब्ररीत संदर्भ विभागातच काम करते म्हणून थोडं सांगते. मुलं येतात, खंड काढतात, अक्षरानुसार शब्द बघतात, नाही सापडला की ठेवून देतात. फार वाईट वाटतं, कारण माहिती तिथेच असते, फक्त दुसऱ्या नावाखाली. आधी सूची उघडायची. ब्रिटानिकाच्या १९१०-११ च्या आवृत्तीचे २९ खंड आहेत आणि त्यातला शेवटचा अख्खा खंड सूचीचा आहे, तो उगाच नाही छापलेला! कॉलरा फक्त 'कॉलरा' मध्ये नसतो, बंदरं, क्वारंटाइन, पाणीपुरवठा, यात्रा सगळीकडे विखुरलेला असतो.

मग नोंदीचा शेवट बघ. मराठी विश्वकोशात नोंदीखाली लेखकाचं नाव असतं आणि पुष्कळ नोंदींना 'पहा' आणि 'संदर्भ' असतात. घाईत लोक नेमकं तेच वगळतात. त्या विषयातल्या जाणकाराने निवडून दिलेली चार-सहा पुस्तकं तुझ्या चाळीस पीडीएफपेक्षा जास्त कामाची आहेत.

आणि शेल्फचं. ड्युई पद्धतीत, म्हणजे पुस्तकांना विषयवार आकडे द्यायच्या पद्धतीत, सर्वसाधारण विश्वकोश ०३० ला असतात, पण कॉलरा दोन ठिकाणी विभागलाय, साथ म्हणून ६१४.५१४ आणि रोग व उपचार म्हणून ६१६.९३२. तुझं समाजाचं बरंचसं पहिल्यात मिळेल. एकाच शेल्फवर बघून परत गेलीस तर अर्धंच हाती येईल. डेस्कवर बसलेल्याला विचारायला लाजू नकोस, आम्ही त्यासाठीच असतो.

दुपारची_गाडी

वरच्या दोघांशी सहमत पण एक भर घालतो. कोशाची आवृत्ती कोणत्या सालची आहे ते पहिल्या पानावर बघितल्याशिवाय एक ओळही उतरवून घेऊ नकोस. जॉन स्नो या डॉक्टरने १८५४ ला कॉलरा पाण्यातून पसरतो म्हणत लंडनमधल्या ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याच्या पंपाकडे बोट दाखवलं, ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला गेला, त्याच वर्षी इटलीत पाचिनीने कॉलऱ्याचा जंतू सूक्ष्मदर्शकातून बघितला, तरी दूषित हवेमुळेच रोग होतो हा समज (तोच तुझा मियाझ्मा) पुढे कितीतरी वर्षं टिकला, या जंतूवरचं जर्मन शास्त्रज्ञ कॉखचं काम यायला १८८३-८४ उजाडलं. म्हणजे १८७० च्या कोशातली 'कारणे' वाचशील तर ती आजची माहिती म्हणून चुकीची, पण त्या काळचे शिकलेले लोक काय धरून चालले होते याचा मात्र तो अस्सल पुरावा. तिथे कोशाचा हवाला खुशाल दे, कारण तिथे कोशच तुझं साधन आहे. लेक्चरला सांगितलेला नियम या बाबतीत लागू होत नाही, हे मॅडमशी बोलून घे.

कोरी_वही

काल आणि आज मिळून आठ तास बसले. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशापासून सुरुवात केली, मग विश्वकोश, मग तो हॉब्सन-जॉब्सन. वहीचं एक पान उभं दुभागलं, डावीकडे नावं आणि उजवीकडे ते नाव कुठे दिसलं ते आणि त्याचं साल. सतरा नावं झाली! घरी येऊन त्यातली तीन टाकून परत शोधलं तर एकदम वेगळंच साहित्य समोर आलं, याआधी एकदाही दिसलं नव्हतं. आणि गंमत म्हणजे जुन्या पीडीएफपैकी दोन आता सरळ वाचता आल्या, अडखळले नाही. विषयही बदलावासा वाटतोय, 'कॉलरा आणि समाज' ऐवजी नुसत्या या नावांवरच करावं का, म्हणजे कुठलं नाव कधी मागे पडलं आणि कॉलरा हा शब्द कधी रुळला? फार लहान होईल का?

तळटीप

अजिबात लहान नाही, उलट आता तो एका डेझर्टेशनमध्ये मावेल. पानाचा फोटो काढून ठेव आणि उजव्या बाजूला सालासोबत आवृत्तीही लिही, मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशाची १८३१ ची आवृत्ती वेगळी आणि १८५७ ची वेगळी, तुझे शब्द दोन्हींत ताडून बघ.